पल्याडची पिंपरोशी

लाल डबा शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर बसवून मी शेवटचा स्क्रू पिळत होते, तेव्हा मागून इंदूआक्का म्हणाल्या, "मॅडम, समजा मी बटण दाबलं. तिकडं कुणी उचललं. पण मी कुठनं बोलतीया ते त्यास्नी कसं कळायचं?"

"त्यांच्या पडद्यावर दिसतं, आक्का."

"काय दिसतं?"

"गावाचं नाव. पिंपरोशी."

"कुठली?"

मी वळून बघितलं. इंदूआक्का सपकाळ या त्या वाडीच्या आशाताई. पंचेचाळिशीची काटक बाई, कपाळ मोकळं, काखेत औषधांची पिशवी. सकाळपासून त्या माझ्या मागे उभ्या राहून प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते बघत होत्या. मला त्याचा थोडा कंटाळाच आला होता.

"कुठली म्हणजे? यादीत एकच पिंपरोशी आहे."

"यादीत आसंल. हितं दोन हाईत."

त्यांनी हात लांब करून पाण्याकडे दाखवलं. धरणाचा फुगवटा दोन डोंगरांच्या मधे निवांत पसरला होता आणि पलीकडच्या काठावर कौलांचा एक पुंजका उन्हात चमकत होता. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा निम्मी माणसं त्या उतारावर सरकली, निम्मी या उतारावर. नाव दोघांनीही सोडलं नाही. अल्याडच्या पिंपरोशीला पुढे डांबरी रस्ता मिळाला, वीज मिळाली, पोस्ट आणि मोबाइलची रेंजही मिळाली. पल्याडच्या पिंपरोशीत यायचं तर लाँच, नाहीतर जंगलातून सहा तासांची पायवाट.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्यातून नुकतीच शिकून साताऱ्याच्या एका छोट्या कंपनीत लागले होते. रेंज नसलेल्या बारा वाड्यांमध्ये इंटरनेटवर चालणारे आपत्कालीन फोन बसवायचं काम कंपनीला मिळालं होतं. डोंगराच्या सोंडेवर खांब, खांबावर एक छोटी डिश, तिथून केबल शाळेपर्यंत, छपरावर सौर पत्रा, खाली बॅटरी आणि भिंतीवर हा लाल डबा. बटण एकच. दाबलं की थेट जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. आवाज डब्यातल्याच स्पीकरमधून यायचा, कानाला काही लावायला नको.

"आक्का, तारेचे जुने फोन असायचे ना, त्यांचा पत्ता तारेलाच बांधलेला असायचा," मी समजावलं. "हा तसा नाही. याला स्वतःला आपण कुठे आहोत ते कळत नाही. आम्ही कागदावर जो पत्ता नोंदवतो, तोच तिकडे दिसतो."

"मग कागदावर पल्याडची नोंदवा."

"यादी बदलायला जिल्ह्याला पत्र लिहावं लागतं. ऑफिसला गेले की लिहिते."

"इसरू नका, मॅडम."

"नाही विसरणार."

शिडी धरायला आलेले बबनभावजी, म्हणजे आक्कांचे धाकटे दीर, हे सगळं पायरीवर बसून ऐकत होते. हातातली तंबाखू मळायची राहून गेली.

मग मी वाडीतल्या दहा-बारा जणांना व्हरांड्यात बसवून ठरलेली माहिती दिली. हिरवा दिवा लागलेला असला तर फोन चालू. दिवा गेला तर बॅटरी बघायची, सौर पत्र्यावरची धूळ पुसायची आणि तरी लागला नाही तर लाँचवाल्याकरवी आम्हाला निरोप द्यायचा. बॅटरीवर मोबाइल चार्ज करायचा नाही. डबा काढून दुसऱ्या घरात न्यायचा नाही, नेला तर पत्ता चुकणार. गंमत म्हणून बटण दाबायचं नाही, कारण त्याच मिनिटाला दुसरीकडे कुणाचा जीव अडलेला असू शकतो. महिन्यातून एकदा कक्षाला आधी कळवून चाचणी करायची.

माझं झाल्यावर आक्कांनी शाळेच्या वहीतला एक कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात स्वतःचं लिहिलं: आधी ठिकाण सांगायचं. मग काय झालं ते. समोरच्यानं काय लिहिलं ते वाचून घ्यायचं. तोवर सोडायचं नाही.

"वाचून घ्यायची गरज नसते हो," मी म्हटलं. "उगाच वेळ जातो."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि भाताची खळ लावून तो कागद डब्याशेजारी चिकटवला.

पत्र मी लिहिलं. अगदी दुसऱ्याच दिवशी. पण आमच्या मेहेंदळे सरांची सही हवी होती आणि सर उद्‌घाटनाच्या गडबडीत. "बाराही फोन चालू झाले असा अहवाल शुक्रवारी द्यायचाय, संपदा. आता दुरुस्त्या काढल्यास तर सगळंच लांबेल. नंतर बघू." मी पत्र फायलीत ठेवलं. उद्‌घाटन झालं, फोटो आले, मी तिसऱ्या तालुक्यातल्या कामाला लागले. पत्र फायलीत होतं आणि ते तिथे आहे हे मला माहीत होतं. मी विसरले असते तर एक वेळ बरं, पण मी विसरले नव्हते. दर वेळी ती फाइल हाताला लागली की वाटायचं, इतक्यात काही होत नाही.

जानेवारीच्या शेवटी पल्याडहून निरोप आला की आवाज तुटतोय. वाऱ्याने डिश हलली असणार. मी सकाळच्या लाँचने गेले. लाँचवाला मला सोडून पुढच्या वाड्यांना निघून गेला. चार वाजता परत येणार होता.

आक्का काठावर उभ्याच होत्या.

"या मॅडम. न्याहारी झाली का? भाकरी टाकलीया." आणि पायवाट चढता चढता, "त्या पत्त्याचं झालं का ओ?"

खरं बोलायला एवढीशी हिंमत लागली असती. सर, सही, गडबड, सगळं सांगता आलं असतं. पण त्यांच्या हातची गरम भाकरी खायची होती आणि त्यांच्यासमोर मला माझ्या कामात चोख दिसायचं होतं.

"हो, झालं की. दुरुस्त केला."

"लई बरं झालं, पोरी," त्या म्हणाल्या. मॅडमची मी पोरी झाले. मला बरं वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

न्याहारी करून मी आणि बबनभावजी सोंडेवर गेलो. डिश खरंच तिरकी झाली होती. मी पट्टा बांधून खांबावर चढले, डिश परत समोरच्या टॉवरकडे वळवली आणि एक बोल्ट आवळला. दुसरा आवळायला पाना फिरवला तर तो घामेजल्या हातातून निसटला. लोखंडी खांबावर ठणठण आपटत तो खाली गेला आणि तो आवाज मागच्या कड्यात घुमला.

कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलेलं होतं. मी ते सकाळी बघितलं होतं. काळं, सुपाएवढं पोळं. लांब आहे असं वाटलं होतं.

"उतरा!" बबनभावजी ओरडले. "ताई, उतरा खाली!"

पट्ट्याचा हूक सोडवेपर्यंत पहिली माशी मानेला डसली. मग कपाळ, पापणी, हात, कानाच्या मागे. मी कशी उतरले ते आठवत नाही. शेवटचे चार-पाच फूट पडलेच. भावजींनी अंगावरचं घोंगडं माझ्यावर टाकलं, मला त्यात गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून धावत सुटले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर माश्या घोंगावत होत्या. ते धापा टाकत मला एकच विचारत होते, "ताई, जाग्या हाय न्हवं? ताई?"

शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मला टेकवून बसवलं, तेव्हा माझे ओठ जाड झाले होते. अंगभर लालसर गांधी उठल्या होत्या. पहिली काही मिनिटं मला वाटलं, दुखतंय तेवढंच आहे. मग जीभ तोंडात मावेनाशी झाली. श्वास घेतला की गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

आक्का धावत आल्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ डब्याकडे गेल्या. हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी बटण दाबलं.

"नियंत्रण कक्ष. बोला, काय मदत हवी?" एका बाईचा आवाज आला, मधे मधे तुटत.

"पल्याडची पिंपरोशी," आक्का म्हणाल्या. "शाळेतनं बोलतीया. एका पोरीला आग्यामाश्या डसल्यात. पन्नासच्या वर. तोंड सुजलंय, दम लागलाय."

"...पिंपरोशी. हो, दिसतंय इथे. गाडी... पाठवते. पेशंट शुद्धीवर..."

गाडी.

त्या बाईच्या पडद्यावर काय दिसत होतं ते त्या सगळ्या व्हरांड्यात मला एकटीला ठाऊक होतं. तो पत्ता मीच नोंदवला होता. नकाशावरचा ठिपका अल्याडच्या काठावर, डांबरी रस्त्याला लागून, मीच ठेवला होता. घाटातून तासाभराने एक गाडी तिथे येऊन उभी राहणार होती आणि मी पाण्याच्या या बाजूला होते.

मी सांगायला तोंड उघडलं. "प... पा..." एवढंच बाहेर पडलं. मी हात उचलून पाण्याकडे दाखवलं.

"पानी मागतीया," कुणीतरी म्हणालं आणि तांब्या माझ्या ओठांशी आला. मी तो हाताने उडवला. तांब्या फरशीवर गडगडत गेला. मी पुन्हा पाण्याकडे बोट केलं. पुन्हा कुणीतरी तांब्या भरायला धावलं.

मी आक्कांकडे बघत होते. आज सकाळीच मी त्यांना सांगितलं होतं, पत्ता दुरुस्त झालाय. त्यांनी आता फोन ठेवला असता तर त्यांची काय चूक होती?

"थांबा ताई," आक्का डब्याला म्हणाल्या. "ठेवू नका. काय लिवलंय ते मला वाचून दाखवा."

"बाई, वेळ जातोय, मी गाडीला..."

"जाऊ द्या वेळ. वाचा."

खरखर झाली. "पिंपरोशी. प्राथमिक शाळा... रस्त्यालगत, बस थांब्याजवळ..."

"रस्ता न्हाई हितं!" आक्कांचा आवाज चिरकला. "बस न्हाई. पल्याडची पिंपरोशी. लाँच लागंल!"

"...काय म्हणालात? आवाज तुट..."

आक्कांनी दोन्ही हातांचा द्रोण केला, डब्याला जवळजवळ तोंड लावलं आणि पहिलीच्या मुलांना शिकवावं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "पा-ण्या-च्या. प-ल्या-ड. गाडी न्हाई. लाँच."

नुसती खरखर. व्हरांड्यात कुणी हललं नाही. माझ्या गळ्यातली शिट्टी तेवढी वाजत होती.

"पाण्याच्या पलीकडची पिंपरोशी," आवाज आला. "गाडी नको, लाँच हवी. धक्क्यावर दवाखान्याची लाँच उभी आहे, डॉक्टर आहेत तिच्यावर. तिला सांगते. बरोबर?"

"बरोबर. आता परत एकदा वाचा."

त्या बाईने खरंच परत वाचलं. शब्द न शब्द. मग म्हणाली, "फोन चालू ठेवा, मी सांगते तसं करा. तोंडावाटे काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. दम लागतोय ना, मग टेकवून बसतं ठेवा. एकटं सोडू नका. माश्यांचे काटे चिमटीने उपटू नका, नखाने आडवे खरवडून काढा."

आक्का माझ्यामागे बसल्या, माझी पाठ त्यांनी छातीशी घेतली आणि एका हाताने माझ्या मानेवरचे काटे खरवडायला लागल्या. दर दोन मिनिटांनी डब्यातून प्रश्न यायचा, "श्वास चालू आहे?" आणि आक्का सांगायच्या, "हाय." मला तो शब्द लांबून ऐकू यायचा. हाय. हाय. नंतर नंतर मी त्या शब्दाचीच वाट बघायला लागले.

लाँच सव्वीस मिनिटांत आली. मांडीत सुई टोचल्याचं कळलं, नाकावर ऑक्सिजन लागला. काठावरून लाँचमध्ये उचलताना बबनभावजी सोबत चढले. त्यांचाही एक डोळा पार मिटला होता, पण त्यांना कुणी तपासायला गेलं तरी ते "ताईंचं बघा आधी" म्हणत होते.

दवाखान्यात तीन दिवस होते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी माझ्या आईला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. ती आत आली ती माझा हात धरून बसली.

बबनभावजी शेजारच्याच खाटेवर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आई चहा आणायला गेली तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "ताई, वहिनीनं त्या बाईला परत परत वाचाया लावलं, तुमास्नी राग न्हाई ना आला? तेवढा उशीर झाला."

"राग कसला, भावजी?"

"न्हाई, तुमी म्हणाला होता, गरज नसती म्हणून." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "माझ्या थोरल्या भावाच्या छातीत दुखाया लागलं होतं. सात वरसं झाली. भर दुपारची येळ. त्या दिवशी लाँच बंद होती, इंजन खोललेलं. मी पळत वर डोंगराच्या धारेवर गेलो. तिथं एका दगडावर उभं ऱ्हायलं की रेंज येती. फोन लागला. मी म्हणालो, पिंपरोशी, लवकर या. तिकडनं म्हणाले, निघाली गाडी. मी खाली पळत आलो."

मी उठून बसले.

"गाडी आली. अल्याडला. पांढरी गाडी, हितनं समदी दिसत व्हती. आमी काठावर उभं राहून धोतरं हलवली, लुगडी हलवली, वरडलो. त्या डायवरनंबी हात हलवला. त्याला वाटलं, लोकं राम राम करत्यात." त्यांनी न मिटलेला डोळा मनगटाने पुसला. "घंटाभर वाट बघून गाडी गेली. दादा सांजच्याला गेला. मी नुसतं पिंपरोशी म्हणालो, ताई. पल्याडची म्हणालो न्हाई. एक शब्द."

आई चहा घेऊन आली. मी तो पिऊ शकले नाही.

घरी गेल्यावर मी अहवाल लिहिला. पत्र कधी लिहिलं, कुठे ठेवलं, आशाताईंना काय खोटं सांगितलं, सगळं. मेहेंदळे सर म्हणाले, "अपघाताचा अहवाल दे की. बाकीचं कशाला? तुझीच नोकरी जाईल." मी तो तसाच जिल्ह्याला पाठवला. नोकरी गेली नाही. ओरडा बसला आणि बाराही फोनचे पत्ते जागेवर जाऊन तपासायचा हुकूम निघाला. आणखी दोन ठिकाणी घोळ सापडला. एका वाडीचा फोन तर मधल्या काळात शाळेतून देवळात नेला होता आणि पत्ता शाळेचाच होता.

पल्याडला मी फेब्रुवारीच्या मध्यावर गेले. आक्का अंगणात नाचणी पाखडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "उतरली सूज. डाग ऱ्हायलेत, जातील. बस."

"आक्का, मला आधी काही सांगायचंय."

मी उभ्यानेच सांगितलं. फाइल, सही आणि पायवाटेवर दिलेलं उत्तर. बबनभावजी गोठ्याच्या दाराशी उभे होते, त्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

"म्हंजी त्या दिवशी कागदावर आमी नव्हतोच," आक्का म्हणाल्या.

"नव्हतात."

"आन् तुज्या जागी हितली कुणी बाळंतीण आसती, आन् मी म्हणाले आसते, मॅडमनं सांगितलंय, पत्ता झालाय, मग कशाला इचारायचं... तर?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

"तुम्ही का विचारलंत मग?" मी म्हटलं. "मी तर झालं म्हणून सांगितलं होतं."

"तुज्यावर इस्वास नव्हता म्हणून न्हाई." आक्कांनी सूप परत मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. "रेशनचं कारड अल्याडला जातं. मतदानाची चिठ्ठी अल्याडला जाती. माज्या माहेरचं पत्र अल्याडला जातं. इतक्या वरसांत आमचं गाव कुणाच्या कागदावर धड बसलं न्हाई. तू एकलीनं एका पत्रात बसवलं आसशील, ह्येच मला खरं वाटंना. म्हणून इचारलं."

मी खाली बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "ह्या भावजींना मी सात वरसांत एका शब्दानं बोलले न्हाई त्या फोनवरनं. मुद्दाम केलं नव्हतं त्यांनी. तुजं तसं न्हाई. तू मुद्दाम खोटं बोललीस. पण तू आपल्या पायानं येऊन सांगितलंस, ते कुणी सांगत नसतं." त्यांनी पदर कमरेला खोचला. "आता पत्त्याचं काय?"

"काल संध्याकाळी बदलला. मला आज तुमच्यासमोर चाचणी करायची आहे. कक्षाला कळवून ठेवलंय, बारा वाजताची वेळ दिलीय."

डिशचा राहिलेला बोल्ट मी अंधारातच खास लाँच करून येऊन, आक्कांकडे जाण्याआधी आवळून घेतला होता, पहाटेच्या गारठ्यात, मोहोळ थंडावलेलं असताना, तोंडावर जाळी बांधून. बाराच्या आत अख्खी वाडी शाळेच्या व्हरांड्यात जमली. म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून बसल्या. आक्कांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मी त्यांना बटणाजवळ यायला खूण केली.

त्या पुढे आल्या नाहीत. त्यांनी मागे वळून पायरीकडे बघितलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी बोला."

बबनभावजींनी मान हलवली. नको. त्यांचे हात पाठीमागे गेले होते.

"या. मी हाय हितं."

ते आले. लाल डब्यासमोर टोपी काढून उभे राहिले. मग अंगठ्याने, सगळा जोर लावून बटण दाबलं. या वेळी आवाज स्वच्छ आला.

"नियंत्रण कक्ष. बोला, काय मदत हवी?"

आक्का त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"पल्याडची पिंपरोशी," भावजी म्हणाले. आणि मग मोठ्याने, जणू पाण्यापलीकडे ऐकू जायला हवं, "पल्याडची. पाण्याच्या पल्याडची पिंपरोशी. शाळा. हितं लाँचनंच यावं लागतं."

"हो दादा," ती बाई म्हणाली. "माझ्या पडद्यावर तेच आलंय. पल्याडची पिंपरोशी, शाळा, फक्त लाँचने. बरोबर?"

भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकीने शेजारणीला कोपराने ढोसलं. "आपलंच नाव घेतलं न्हवं?"

"आपलंच."

"बरोबर," भावजी म्हणाले.

"चाचणी आहे ना ही? तिकडे सगळं ठीक आहे?"

भावजींनी एकदा मागे वळून बघितलं. व्हरांडाभर बसलेली माणसं, कडेवरची पोरं, आक्का, मी. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"व्हय ताई," ते म्हणाले. "समदी हाईत हितं. समदी बरी हाईत."